अन्सेलियाला ताण द्यावा लागतो

लिंपोपो नदीचे खोरे ऑगस्ट-सप्टेंबरात पाहिले, तर तिथे ऑर्किड असेल असे कुणाला स्वप्नातही वाटणार नाही. दक्षिण आफ्रिका, बोट्स्वाना आणि झिंबाब्वे यांच्या सीमेवरच्या या मुलखात वर्षाला जेमतेम ३०० ते ४०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान. ऑगस्ट उजाडेपर्यंत मोपानेची झाडे पाने टाकून मोकळी झालेली असतात, गवत वाळून कोळ झालेले असते. आणि नेमक्या याच दिवसांत एखाद्या मोपानेच्या किंवा गोरखचिंचेच्या बेचक्यात पिवळ्या फुलांचे, तपकिरी ठिपक्यांचे भरगच्च तुरे लोंबताना दिसतात. इंग्रजीत याला बिबट्याचे ऑर्किड म्हणतात. शास्त्रीय नाव अन्सेलिया आफ्रिकाना.

ऑर्किड म्हटले की घनदाट सदाहरित जंगल, धुके आणि सतत ओलावा, हे चित्र आपल्या डोक्यात पक्के बसलेले असते. बागकामाची हौस असलेली मंडळी या चित्रापायीच अन्सेलियाची वाट लावतात. रोज सकाळ-संध्याकाळ फवारा, हिवाळ्यातही कुंडी ओली, सावलीचा कोपरा. झाड मरत नाही, पण तीन-तीन वर्षे फुलतही नाही. आणि एखाद्या पावसाळ्यात नवे कोंब कुजून काळे पडले की मग मरतेही.

खरे तर या झाडाला काय हवे, हे सांगोल्याच्या डाळिंबवाल्याला किंवा नागपूरकडच्या संत्रेवाल्याला वेगळे समजावण्याची गरज नाही. बहार धरायचा तर आधी पाणी तोडून बागेला ताण द्यावा लागतो. अन्सेलियाचेही तेच आहे. वाढीच्या दिवसांत मनमुराद पाणी, ऊन आणि खत. मग हिवाळ्यात कडक ताण. आणि उन्हाळ्याच्या तोंडावर फूल.

जॉन अन्सेल नावाच्या इंग्रज माळ्याच्या नावावरून या ऑर्किडचे नाव पडले. १८४१ च्या नायजर मोहिमेत तो होता, आणि पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या फर्नांडो पो बेटावर, म्हणजे आजच्या बियोको बेटावर, त्याला ही वनस्पती मिळाली. जॉन लिंडले यांनी १८४४ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे ठिपक्यांच्या कमी-जास्तपणावरून आणि झाडाच्या आकारावरून तिच्या वेगवेगळ्या जाती मानल्या गेल्या. आज बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ एकच जाती मानतात. पश्चिम आफ्रिकेपासून केनियापर्यंत आणि खाली क्वाझुलू-नाताळपर्यंत ती पसरलेली आहे, त्यामुळे रूपात फरक असणारच. काही झाडांची फुले निव्वळ लिंबोणी पिवळी असतात, काहींवर इतके दाट डाग असतात की पिवळा रंग शोधावा लागतो.

सुगंधाचेही तसेच. उन्हे तापू लागली की फुलांना मंद गोडसर वास येतो. पण काही झाडांचा जवळ गेल्याशिवाय कळत नाही, काहींचा जवळजवळ नसतोच. तेव्हा सुगंधासाठीच घ्यायचे असेल, तर फुलावर आलेले झाड निवडावे आणि विकत घेण्यापूर्वी सरळ नाक लावून पाहावे. सकाळी लवकर नको, ऊन चढल्यावर. कॅटलॉगमधल्या ‘सुवासिक’ या शब्दावर भिस्त ठेवू नये.

आता झाडाची ठेवण. तळापासून उभ्या, पेरी असलेल्या पिवळट हिरव्या छड्या निघतात. साधारण फूट-दोन फूट उंच, मध्ये किंचित फुगीर. छडीच्या वरच्या टोकाला सहा-सात लांब, घड्या पडलेली पाने. पाणी आणि अन्न साठवते ती ही छडी. पाच-सहा महिने पाऊस नसताना झाड तग धरते ते या साठ्यावर. छडीवर सुरकुत्या दिसू लागल्या, तर साठा वापरात आला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

अन्सेलियाची मुळे मात्र पहिल्यांदा पाहणाऱ्याला चक्रावून टाकतात. जाड मुळे झाडाच्या सालीला धरून पसरतात, हे ठीक. पण त्यांना फुटणारी बारीक मुळे खाली न जाता वर जातात. पांढरी, ताठ, टोकदार, शेकड्यांनी उभी राहिलेली. बोट सहज लावावे तर टोचते. छड्यांच्या बुडाशी त्यांची एक दाट टोपली तयार होते. वरून गळणारी पाने, काटक्या, पाखरांची विष्ठा त्यात अडकते, कुजते आणि झाडाचे खत होते. ज्या झाडावर अन्सेलिया बसले आहे, त्याच्या रसाचा थेंबही ते घेत नाही. आपल्याकडे फांदीवर उगवलेले सगळे बांडगूळ समजून कोयत्याने खरवडून काढायची रीत आहे. बांडगूळ वेगळे आणि हे वेगळे.

नव्याने अन्सेलिया पाळणारा वर आलेली ही मुळे पाहून हमखास घाबरतो. ‘मुळे उघडी पडली’ म्हणून त्यांवर आणखी नारळाचा भुसा, मॉस किंवा कहर म्हणजे माती टाकतो. हे अजिबात करू नये. ती मुळे हवेत राहण्यासाठीच आहेत. दाबून टाकली, की पहिल्या जोरदार पावसात कुजतात आणि कूज छडीच्या बुडाला लागते. टोपलीत अडकलेली वाळकी पाने कोरड्या दिवसांत राहू दिली तरी चालतात, पण मे महिन्याच्या शेवटी ती चिमट्याने काढून टाकलेली बरी. लिंपोपोच्या कोरड्या हवेत तो पाचोळा खत होतो. आपल्या जुलैत त्यात गोगलगायी बिऱ्हाड करतात.

वेळापत्रक हाच या झाडाच्या संगोपनाचा गाभा आहे, आणि त्या बाबतीत महाराष्ट्रातला बागकाम करणारा नशीबवान आहे. दक्षिण आफ्रिकेतले ऋतू आपल्यापेक्षा उलट महिन्यांत येतात, पण त्यांचा क्रम आपल्यासारखाच: पावसाळा, मग कोरडी थंडी, मग कोरडे ऊन, मग पुन्हा पाऊस. झाड महिने मोजत नाही. दोन-तीन वर्षांत ते इथल्या ऋतूंशी जुळवून घेते आणि साधारण फेब्रुवारी ते मे या काळात फुलू लागते.

फरक आहे तो पावसाच्या स्वभावात. लिंपोपोच्या खोऱ्यात पाऊस येतो तो वादळी. तास-दोन तास कोसळतो आणि पुन्हा लख्ख ऊन पडते. मुळे भिजतात आणि लगेच वाळतात. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये आठवडाच्या आठवडा सूर्य दिसत नाही. पुण्यात वर्षाला सातशेच्या आसपास मिलिमीटर पाऊस पडतो, कोकणात त्याच्या चौपट. पाऊस जास्त पडतो यापेक्षा दोन सरींच्या मध्ये काही सुकत नाही, ही खरी अडचण. म्हणून कोकण, गोवा, मुंबई-ठाण्यात अन्सेलिया पावसाळ्यात पारदर्शक छपराखाली किंवा गॅलरीच्या कडेला ठेवावे, जिथे उजेड आणि वारा भरपूर, पण संततधार नाही. पुणे, सातारा, नाशिकच्या कमी पावसाच्या पट्ट्यात उघड्यावर ठेवता येते, पण एका अटीवर: नवा कोंब पाच-सहा बोटे उंच होऊन त्याची मुळे धरलेली असली पाहिजेत.

हा नवा कोंब म्हणजे झाडाची सर्वांत नाजूक जागा. एप्रिल-मेमध्ये जुन्या छडीच्या बुडातून तो निघतो. त्याची कोवळी पाने एकात एक अडकलेली असतात आणि त्यांच्या मधल्या खळग्यात पाणी साचते. साचलेले पाणी, दमट हवा आणि मंद उजेड हे त्रिकूट जमले की दोन दिवसांत कोंब बुडातून तपकिरी होतो आणि ओढला तर हातात येतो. असे झाले तर रडत बसू नये. कुजलेला भाग निर्जंतुक पातीने निरोगी भागापर्यंत कापून टाकावा, जागा कोरडी होऊ द्यावी, तांबेयुक्त बुरशीनाशक लावावे. बहुतेक वेळा त्याच छडीच्या दुसऱ्या डोळ्यातून फुटवा येतो. मूळ उपाय मात्र साधा: कोंब दिसला म्हणून लगेच पाणी वाढवू नये. त्याची स्वतःची मुळे दीड-दोन इंच लांब होईपर्यंत कुंडीच्या कडेने बेताने पाणी द्यावे, वरून नव्हे.

मुळे धरली, की मग हात आखडायचा नाही. जून ते ऑक्टोबर हा काळ छडी भरण्याचा. पाऊस उघडला असेल तर दिवसाआड, उन्हाचा कडाका असेल तर रोज सकाळी पाणी द्यावे. संध्याकाळी पाने ओली राहतील असे नको. खत म्हणून कृषी सेवा केंद्रात मिळणारे १९-१९-१९ पुरते. लिटरभर पाण्यात एक ग्रॅम, आठ-दहा दिवसांनी. रोप लहान असेल तर अर्धा ग्रॅम. भाजीपाल्याला देतात तेवढे दिले, तर मुळांची टोके जळून काळी पडतात. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी धुऊन काढावी, कारण क्षार साचतात. बोअरचे पाणी जड असलेल्या भागात पावसाचे पाणी पिंपात साठवून ठेवलेले उपयोगी पडते.

ऑक्टोबर हीटला आपण सगळेच शिव्या घालतो, पण अन्सेलियाच्या दृष्टीने तो वर्षातला सर्वांत मोलाचा महिना. ढग गेलेले, ऊन कडक, मुळांत अजून ओल. पावसाळ्यात मऊ वाढलेली छडी या उन्हात टणक होते. या महिन्यात झाड सावलीत अडकवून ठेवणे म्हणजे पुढच्या फुलांवर पाणी सोडणे. याच सुमारास नत्र कमी करून ०-५२-३४ दोन-तीन वेळा द्यावे.

नोव्हेंबरच्या मध्यापासून पाणी कमी करत आणावे आणि डिसेंबर-जानेवारीत जवळजवळ तोडावे. खतही बंद. मुंबई-कोकणात हवेतच एवढी आर्द्रता असते, की या दोन महिन्यांत पाण्याला हातही लावला नाही तरी मोठे झाड तगते. देशावर आणि विदर्भात दोन-तीन आठवड्यांनी एखाद्या सकाळी मुळांवर हलका फवारा पुरे. छडीवर बारीक सुरकुत्या आल्या तर येऊ द्याव्यात. छडी चिपाडासारखी आत गेली, तर मात्र एकदा पोटभर पाणी द्यावे. जुन्या छड्यांची पाने पिवळी पडून गळतात, तीही गळू द्यावीत. घरातल्या ज्येष्ठांना ‘झाड बिचारे तहानले आहे’ असे वाटून ते चोरून तांब्याभर पाणी घालतात, हा धोका लक्षात घेऊन कुंडी जरा उंच टांगलेली बरी.

थंडीची काळजी फारशी नको. रात्रीचे तापमान दहा-बारा अंशांपर्यंत उतरले तरी मुळे कोरडी असतील तर झाडाला काही होत नाही. ओल्या मुळांनिशी तीच थंडी बाधते.

फेब्रुवारीत छडीच्या टोकाकडे लक्ष ठेवावे. वरच्या पानांच्या बेचक्यातून फुगीर हिरवे टोक बाहेर आले, तर तो फुलाचा दांडा. बुडातून आले, तर नवा कोंब. दांड्याची खात्री पटली, की हलके पाणी पुन्हा सुरू करावे. दांडा वाढत जाऊन फांद्या फुटतात आणि चांगल्या जुन्या झाडावर एका दांड्याला पन्नासहून अधिक फुले येतात. सगळी एकदम उमलत नाहीत, त्यामुळे बहर लांबतो. दांडा वाढत असताना कुंडीची दिशा बदलू नये, नाहीतर तो उजेडाकडे वळत वाकडातिकडा होतो.

उजेडाचा अंदाज पानांवरून घ्यावा. गर्द, काळपट हिरवी पाने दिसायला छान, पण ती अपुऱ्या उजेडाची खूण. पाने थोडी पिवळट हिरवी आणि ताठ हवीत. मार्च ते मे पन्नास टक्क्यांची शेडनेट लागतेच. चंद्रपूर-अकोल्याकडच्या पंचेचाळीस अंशांत दुपारचे थेट ऊन पानांवर पांढरे चट्टे उठवते. हिवाळ्यात मात्र नेट काढून टाकली तरी चालते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी पूर्वेची किंवा दक्षिणेची गॅलरी द्यावी. उत्तरेची खिडकी असेल तर अन्सेलियाचा नाद सोडून दुसरे काही लावावे, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

कुंडी मातीची, बाजूंना भोके असलेली. किंवा सागवानी पट्ट्यांची टोपली. आत लोणारी कोळसा, विटांचे अंगठ्याएवढे तुकडे आणि थोडे नारळाच्या सोडणाचे तुकडे. कोकणात सोडण कमीच घालावे, विदर्भात जरा जास्त. विटा आणि कोळसा रात्रभर पाण्यात भिजवून, धूळ धुऊन वापरावेत. माती, शेणखत, गांडूळखत यांतले काहीही आत जाऊ देऊ नये. झाड वरून जड होते आणि वाऱ्याने कुंडी कलंडते, म्हणून तळाशी दोन-तीन धोंडे टाकावेत. कुंडी झाडाच्या मानाने लहानच असावी. आटोपशीर जागेत ते चांगले फुलते.

ज्यांच्या अंगणात आंबा किंवा फणस आहे, त्यांनी कुंडीच्या भानगडीत पडूच नये. जूनच्या सुरुवातीला बेचक्यात झाड बसवून काथ्याच्या दोरीने घट्ट बांधावे. हलले तर मुळे धरत नाहीत. पेरू आणि निलगिरी यांची साल सुटते, ती टाळावीत. फांदी मात्र मजबूत हवी, कारण वर्षानुवर्षे वाढून हे झुडूप चांगलेच वजनदार होते. झाडावर बांधलेल्या अन्सेलियावरून पाणी निथळून जाते आणि वारा खेळतो, त्यामुळे कुंडीपेक्षा कुजण्याचा धोका बराच कमी.

कुंडी बदलायची वेळ तीन-चार वर्षांनी येते आणि तेव्हा घाई केली तर महागात पडते. नवे कोंब दिसू लागले, पण मुळे अजून फुटली नाहीत, तो आठवडा योग्य. कुंडी अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवली की मुळे लवचीक होतात. तरीही ती मातीच्या कुंडीला इतकी चिकटलेली असतात, की कुंडी फोडणेच सोपे. खापरांचे तुकडे मुळांना तसेच राहू द्यावेत. हातमोजे घालावेत, नाहीतर ती उभी मुळे बोटांत मोडतात. विभागणी करायची असेल, तर प्रत्येक भागात किमान तीन-चार छड्या हव्यात. एकेका छडीचे तुकडे केले तर फुलाला वर्षे लागतात. पाती प्रत्येक झाडासाठी ज्योतीवर तापवून घ्यावी, कारण ऑर्किडचे विषाणू कापताना पसरतात आणि त्यांवर औषध नाही. कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावून भाग सावलीत दोन-तीन दिवस कोरडे ठेवावेत, मगच लावावेत.

किडींचे फार स्तोम नको. पानांच्या बगलेत पिठ्या ढेकूण आणि खवले कीड दिसली, तर जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढावी. उन्हाळ्यात पानांच्या मागे लाल कोळी येतात, त्यांना पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोराचा फवारा पुरतो. पावसाळ्यात रात्री बॅटरी घेऊन फेरी मारावी. मुळांची हिरवी टोके कुरतडणाऱ्या गोगलगायी तेव्हाच सापडतात.

रात्री घमघमणारी आफ्रिकी ऑर्किडे हवी असतील, तर ती वेगळी. एरँगिस, सिर्टॉर्किस आणि मादागास्करची अँग्रेकम, ही पांढऱ्या फुलांची मंडळी अंधार पडला की वास सोडतात, कारण त्यांचे परागीभवन निशाचर पतंग करतात. त्यांचा सुगंध अन्सेलियाहून कितीतरी तेज. पण त्यांना साठवणीच्या छड्या नसतात, त्यामुळे वर सांगितलेला ताण त्यांना दिला तर ती सुकून जातील. त्यांना वर्षभर दमट हवा लागते. महाबळेश्वर-आंबोलीकडे त्यांचा विचार करावा. सोलापुरात करू नये.

रोप मिळवण्याबाबत एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. नैरोबीहून किंवा दार-ए-सलामहून येणाऱ्या नातेवाइकाला ‘येताना एक छडी बॅगेत टाकून आण’ असे सांगणारे लोक आहेत. सर्व ऑर्किडे वन्य प्रजातींच्या व्यापारावरच्या सायटीस कराराखाली येतात आणि परवान्याशिवाय त्यांची सीमापार ने-आण करणे बेकायदा आहे; शिवाय भारतात वनस्पती आणायला रोगमुक्ततेचा दाखला आणि आयात परवाना लागतो. अन्सेलिया धोक्याच्या छायेतल्या प्रजातींमध्ये गणली जाते. कोळशासाठी झाडे तोडली जातात, विक्रीसाठी अख्खी झुडपे फांदीवरून ओरबाडली जातात, आणि दक्षिण आफ्रिकेत झुलू वैदू ती औषधासाठी वापरतात. तिच्या मुळांच्या धुराने वाईट स्वप्ने पळतात असा समज आहे. जंगलातून उपटलेले जुने झुडूप कुंडीत क्वचितच जगते, हे त्यावर आणखी. प्रयोगशाळेत बियांपासून वाढवलेली रोपे आपल्याकडच्या ऑर्किड नर्सऱ्यांत मिळतात, तीच घ्यावीत. बोटभर उंचीचे रोप स्वस्त पडते, पण फुलायला चार-पाच वर्षे लागू शकतात. घाई असेल तर किमान तीन पूर्ण छड्यांचे झाड घ्यावे आणि सर्वांत नवी छडी सर्वांत जाड आहे ना, हे पाहावे. नवी छडी जुनीपेक्षा बारीक असेल तर झाड उतरणीला लागले आहे, कितीही स्वस्त मिळाले तरी.

तीन-चार वर्षांचे सशक्त झाड फुलत नसेल, तर आधी उजेड तपासावा, मग हिवाळ्यात कोण पाणी घालते ते. खताचा नंबर त्यानंतर.

बहर संपल्यावर फक्त वाळलेला दांडा कापावा. पाने गळून उघड्या पडलेल्या जुन्या छड्या कुरूप दिसतात म्हणून अनेक जण त्या कापून टाकतात. पण नव्या कोंबाला पहिले अन्न त्याच पुरवतात, आणि कधी कधी त्यांच्या बाजूच्या पेरांतून पुढच्या वर्षी पुन्हा दांडा निघतो. बोटाने दाबल्यावर मऊ लागणारी किंवा आतून पोकळ झालेली छडी तेवढी बुडापासून काढावी.